सहा किलो दाबाचा पाइप

६ एप्रिल, रविवार. तापमान ४१.
आबांना दाखवायला काल धुळ्याला गेलो होतो. येताना चढावर केळीची रिकामी क्रेट भरलेला ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. ड्रायव्हर हसला. आबा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढा अपमान पुरे.
डॉक्टर म्हणाले, हृदयाला ब्लॉकेज आहे. ८ मे, सकाळी नऊ, उपाशीपोटी, अँजिओग्राफी. कागदावर मुलाची सही लागेल.
संकल्प : गाडीला टर्बो बसवायचा. आबांना जळगावहून धुळ्याला सव्वा तासात पोचवायचं.

९ एप्रिल.
भंगारात डिझेल गाडीचा टर्बो मिळाला. झकास. नवल मिस्तरी मात्र मॅनिफोल्डवर अडला. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्या. आपला कंपनीचा प्लॅस्टिकचा, दोन तुकडे चिकटवलेला. आजवर इंजिन हवा ओढून घ्यायचं, आता टर्बो ती आत ढकलणार, सांधा उकलेल म्हणतो. ॲल्युमिनियमचा ओतीव बघू, पंधरा दिवस थांबा.
पंधरा दिवस! शिल्पाचं वेगळंच. म्हणाली, भाड्याची गाडी ठरवा. बायकोचा आपल्यावर विश्वास नसणं फार वाईट.

१३ एप्रिल, रविवार. ४३.
आंघोळ करताना सुचलं. मी पाइप कंपनीत अकरा वर्षं टेस्टिंगला आहे. माझ्या सहीचा पीव्हीसी पाइप सहा किलो दाब सोसतो. टर्बोचा दाब अर्धा किलो. म्हणजे बारा पट सेफ्टी! शिवाय आतून गुळगुळीत, हवा सुळकन जाणार. ॲल्युमिनियम तापतं, हा तापत नाही.
नवलला सांगितलं. त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. पटलं असणार.

२० एप्रिल.
मॅनिफोल्ड तयार. एक जाड पाइप, त्याला चार आखूड. जोडायचं सोल्युशन मीच लावलं. नवलने बसवून दिला, पण जॉबकार्डवर 'मालकाच्या हट्टावरून' असं लिहून माझी सही घेतली. हल्ली कारागिरांना कलेची हौसच उरली नाही.
आबांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. म्हणाले, हाऊ ते वावरना पाइप शे. मी म्हटलं, शेतातलाच, पण आता प्रमोशन झालंय. हसले नाहीत. वाकल्यावर त्यांना धाप लागली होती.

२७ एप्रिल, रविवार. ४४.
एरंडोलपर्यंत ट्रायल. गाडी उडाली! दोन ट्रक मागे टाकले, केळीचा एकही भेटला नाही याची हळहळ.
परतताना जळकट वास. बॉनेट उघडलं तर जाड पाइपचं पोट किंचित सुटलेलं. नव्या वस्तूला रुळायला वेळ लागतो. दोन क्लॅम्प आवळले.
आबा मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, गाडी दम टाकी ऱ्हायनी, मनासारखी. त्यांच्यासारखी धाप म्हणे गाडीला. मी एसी वाढवला.

२ मे. ४५.
ऑफिसात सर्टिफिकेटवर सह्या करताना खालची बारीक ओळ वाचली : चाचणी २७ अंशाच्या पाण्यात. अकरा वर्षं मी त्याच ओळीखाली सही करतोय. घाम फुटला. इंजिनाशेजारी तर चहाचं आधण येईल.
संकल्प : उद्याच जुना मॅनिफोल्ड परत लावायचा.
संध्याकाळी शांतपणे विचार केला. ती ओळ पाण्याबद्दल आहे. आपण हवा वापरतोय.

६ मे. ४६.
नवलचा फोन आला, घेतला नाही. उगाच मन विचलित करतो. आणखी तीन क्लॅम्प. पाइपवर ओलं गोणपाट गुंडाळलं, माठाला गुंडाळतात तसं.
आबा जिना चढताना मधल्या पायरीवर बसले. पाच मिनिटं उठले नाहीत. मला भीती वाटली. शिल्पाने पुन्हा भाड्याच्या गाडीचं काढलं. मी ओरडलो, माझ्या बापाला मी नेणार. आबा म्हणाले, नेऊ दे त्याले.

८ मे, गुरुवार. सकाळी ६.
गोणपाट ओलं. आबा उपाशी. शिल्पाने फाइल घेतली. पुढची नोंद हॉस्पिटलातून.

सकाळी ७.३५. पारोळ्याच्या अलीकडे.
गोणपाट कधी वाळलं कळलंच नाही. टायर फुटावा तसा आवाज झाला. आबांनी छातीवर हात ठेवला. बॉनेटमध्ये पाइप शिजलेल्या वांग्यासारखा लोंबतोय. इंजिन बंद.
शिल्पा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने धुळ्याची एसटी थांबवली. ड्रायव्हर आबांना ओळखणारा निघाला, त्याने खाली उतरून हात देऊन त्यांना वर घेतलं. मलाही जागा होती. पण हायवेवर गाडी अशी सोडायची कशी? वर टर्बो आहे तिच्यात. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, नवल अर्ध्या तासात येतोय, मी नऊच्या आत पोचतो.
आबा खिडकीतून बघत होते. माझ्याकडे की गाडीकडे, कळलं नाही.

दुपारी १.
नवल आत्ता आला. पाइपकडे बघून त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. या वेळी पटल्यासारखं वाटलं नाही.

९ मे. धुळे.
काल साडेचारला पोचलो. दोन स्टेंट टाकून झाले होते. आबा झोपले होते. कागदावर शिल्पाची सही.
आत नेताना डॉक्टरांनी विचारलं होतं, मुलगा कुठे आहे? शिल्पाने पेन मागून घेतलं. आबांनीच सांगितलं, मना पोऱ्या गाडीजवळ शे.