खालची कडी

मी, इस्पितळाच्या बालविभागामागच्या खोलीत अर्धं आयुष्य नोकरी केलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या भावाचं मत वेगळं आहे, पण ते दाखल्यात धरत नाहीत. उद्या माझं ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर हा कागद मीच फाडीन.

१. खोलीच्या दारावर ‘वजन व उंची’ अशी पाटी आहे, ती तशीच राहावी. घरात मार खाणाऱ्या बायका मुलाला कडेवर घेऊन याच दारातून आत येतात. “वडिलांनी बाहेर बसावं, आत गर्दी नको,” एवढ्यावर नवरा बाहेर बसतो आणि बाई मोकळेपणी बोलते. एकाने विचारलं होतं, “किती वेळा वजन करता हो?” मी म्हटलं, “पोर वाढत का नाही, तेच शोधतोय.” खोटं नव्हतं. काटा इस्पितळाचा, पण चेहऱ्यावरची रेषही न हलवता हे बोलायची कला माझी स्वकष्टार्जित आहे. ती खोलीतल्या माझ्या जोडीदारणीला, जिला सगळे मिरची म्हणतात.

२. बँकेतली शिल्लकही मिरचीकडे. त्यातून मुलांना चपला घ्याव्यात. घाईत निघालेली आई मूल उचलते, चपला राहून जातात. रंग मुलालाच निवडू द्यावा. दोन पायांत दोन रंग मागितले तरी वाद घालू नये.

३. निळी बॅग भावाला. हीच उचलून तो मला नवऱ्याच्या दारात परत सोडून आला होता. “ताई, घरातलं घरात मिटव,” म्हणाला होता. बॅग रिकामी आहे. तिच्यात काय भरायचं ते त्याने बघावं.

४. राहतं घर मी स्वतःच्या पगारातून घेतलं आहे. तेही मिरचीच्या नावे, या अटीवर की इस्पितळातून सुटलेल्या, पण घरी परत जायचं नसलेल्या आयांना आणि मुलांना ते उघडं राहील. सध्या तिथे चिमणी आणि तिची आई राहतात. त्या आपणहून ‘निघतो’ म्हणेपर्यंत कोणीही त्यांना हलवू नये. हे भावासाठी लिहिलं आहे. परवाच तो म्हणाला, “ताई, तुझं काही बरंवाईट झालं तर या परक्यांना बाहेर काढायचं कोणी?” म्हणजे काढायचं हे त्याचं ठरलेलं आहे.

५. त्या घराच्या दाराला एक कडी वर आहे आणि एक गुडघ्याच्या उंचीवर. खालची बसवताना सुतार हसला होता. “बाई, मांजर लावणार का ही?” घराचा रिवाज असा, की संध्याकाळी सगळ्यात लहान माणूस दार लावतं, आणि बाहेर कोण आहे ते विचारून तेच उघडतं. चिमणी आली तेव्हा दाराकडे पाठ करून झोपत नसे. आता कडी घालते, एकदा ओढून बघते, मग भूक लागली म्हणून सांगते. परवा भाऊ जिन्यात ताटकळला.
“उघड गं, मामा आलाय.”
“कुठला मामा?”
“अगं, माझ्याच बहिणीचं घर आहे हे!”
“मग तिला विचारते. थांबा.”
खालची कडी कोणीही काढू नये. घराला रंग देतानाही नाही.

६. मला घरी आणायची वेळ आली, तर तिरडीच्या खांदेकऱ्यांनी आधी दार वाजवावं, कोण आलंय ते सांगावं आणि चिमणी उघडेपर्यंत उभं राहावं. ओझं जड झालं तर जिन्यात टेकवावं, पण दार ढकलू नये. तिने नाहीच उघडलं, तर मला तशीच पुढे न्यावं. तिला कोणी रागावू नये. मला घाई नसेल.

सही: चिमणीची मावशी

साक्षीदार:
१. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई (भूल देण्याआधी)
२. सुतार (या वेळी हसला नाही)

स्थळ: ‘वजन व उंची’
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार. दार आतून लावलेलं.