काकासाहेबांच्या चाकूची रंगीत मूठ

४ ऑगस्ट १९४१, जुना जालना.
व्याही काकासाहेब अंबडकडच्या मळ्यातून आले होते. मोसंबीचे डोळे भरायचा (जंबेरीच्या खुंटाची साल चिरून तीत मोसंबीचा डोळा बसवायचा) त्यांचा कलमी चाकू ठेवून गेले. मूठ फुटली आहे. म्हणाले, पातं माझ्या वडलांचं हाये, वस्तऱ्यावानी चालतं, निसती मूठ बसवा. महालक्ष्म्या झाल्या की डोळे भरायला काढतो. आमची उषा सासरी सांगून बसली आहे, की बाबा फर्स्ट क्लास मुठी बसवतात. (आजवर एक बसवली. झाऱ्याची. निघाली.)
संकल्प : आठ दिवसांत मूठ. साधी नव्हे. शिसवीच्या दोन तुकड्यांमध्ये रंगीत चकत्या.

७ ऑगस्ट.
रंग कोणते? ग्रंथ चाळले. चाकूच्या मुठीविषयी ऋषिमुनी मौन बाळगून आहेत. अर्थात हे काम त्यांनी माझ्यासाठी ठेवले.

११ ऑगस्ट, सकाळ.
काळ्यासाठी फोनोची फुटकी तबकडी मिळाली. लालसाठी सौ.ची सेल्युलॉइडची फणी कापली. तिचे दोन दात तुटलेलेच होते. सौ. म्हणाली, दोन दात तुमचेही पडलेत, तुम्हाला कापलं का कुणी?

१९ ऑगस्ट.
लाल-काळा-लाल, की काळा-लाल-काळा? दोन्ही जोड दोऱ्यात ओवून खिडकीत टांगले. शाळेत जाता-येता पाहतो. सकाळी पहिला बरा दिसतो, संध्याकाळी दुसरा. घाई करू नये.

२ सप्टेंबर.
महालक्ष्म्या उठल्या. काकासाहेबांचा गडी म्हस्कू आला. जंबेरीचे खुंट तयार हायेत, साल बराबर सुटून राह्यली, मालकानं चाकू जल्दी मागितलाय म्हणे. फिनिशिंग चालू आहे, असे कळवले. (सुरुवात व्हायची आहे.) सौ. म्हणाली, तसाच द्या, सुतळी गुंडाळून वापरतील बिचारे. कॉम्बिनेशन म्हणजे काय, हे तिला समजावत बसलो नाही.

७ सप्टेंबर, दुपार.
पात्याची मुठीत जाणारी शेपटी शेगडीत तापवून चकत्यांतून घातली. फणीची चकती भपकन पेटली. डावी भुवई गेली. दोष फणीचा.

८ सप्टेंबर.
लाल चकत्या आता बनातीच्या कापडाच्या. शेपटी नीट तापावी म्हणून या खेपेस चाकू अख्खाच निखाऱ्यांत ठेवला, मग लाखेत रोवला. यश! शिवाय पात्याला आपोआप मोरपंखी निळा रंग चढला. इतके मॅचिंग माझ्याही डोक्यात आले नव्हते. सौ. म्हणाली, दोडका चिरून पाहा तरी. या कलाकृतीने दोडका?

१४ सप्टेंबर.
चाकू मळ्यात पोचवला. उषाने सासूला, जावेला, सगळ्यांना बोलावून दाखवला. काकासाहेब म्हणाले, मूठ लय देखणी झाली. मग पात्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. शास्त्रीबुवा, ह्यो निळा कशानं? मी शेगडीची युक्ती सविस्तर सांगितली. ते चाकू घेऊन उठले. खुंटाची साल चिरायला गेले, तर साल नुसती फाटली. दगडावर घासला, धार वळून बसली. मग हळूच म्हणाले, आगीत पोलादाचं पाणी उतरलं, आता हे पातं धार धरणार न्हाई. गावातून वस्तरा मागवून त्यांनी डोळे भरले. उषा आत निघून गेली.

१५ सप्टेंबर.
पाते मुळातच हलके असणार.
खोडले. पाते त्यांच्या वडिलांचे होते.

२९ सप्टेंबर, खंडेनवमी.
मळ्यात जेवायला बोलावणे. ताप आल्यासारखे वाटत होते. सौ.ने कपाळाला हात लावला आणि टांगा बोलावला.
पूजेला विळे, कोयते, नांगराचा फाळ मांडलेले. मधोमध माझा चाकू, वर झेंडू. क्षणभर छाती फुगली. मग लक्षात आले, बाकी सगळी हत्यारे परवा कामाला जातील. हा देव्हाऱ्यातच राहणार.
शेजारच्या मळ्यातल्या भुजंगरावांनी तो उचलून निरखला. काय नामी मूठ हो! कुणी केली? काकासाहेब म्हणाले, आमच्या व्याह्यांनी. वापरायला जीव होत न्हाई, म्हणून देवापुढं ठिवलाय. भुजंगराव माझ्याकडे वळले, मंग आमच्याबी चाकूला अशीच बसवून द्या की. वाढता वाढता उषाचा हात थांबला. मी तोंड उघडायच्या आत काकासाहेबच घाईने म्हणाले, न्हाई न्हाई, त्यांना बिलकुल सवड न्हाई, शाळेचं लय काम ऱ्हातं.
शाळेला दसऱ्याची सुट्टी आहे. मी मान डोलावली.