सृष्टीची नळी, काकांचा पाय

अणदूर, १५ डिसेंबर २०२४

चि. सृष्टीस बलभीमकाकाचे अ. उ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाय, म्हणून पत्र. पायाचा अंगठा काळा पडलाय. शुगरनं गुडघ्याखालची नस बंद झाली, असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. हातातली नस काढून पायात जोडतो, पंधरा दिवसांत या, म्हणाले. म्या सांगितलं, माझी पुतणी पुण्यात नळ्याच बनवती, तिचीच बसवा! डॉक्टर हसले. हसू देत. आपला खंडोबा दरसालच्या रिवाजानं सध्या नळदुर्गाला मुक्कामी हाय. देव गावात परत येईस्तोवर म्या कुठं हलत न्हाय. तवर तुझी नळी हुईल का? आता माणसाला बसवायचीच बाकी हाय, असं दिवाळीत सगळ्यांसमोर तूच म्हणाली हुतीस. तुझी काकी म्हणती, पोरीच्या डोक्याला ताप देऊ नका. कडूबाईला काय कळतंय!

सविस्तर लिही, नुसतं मजेत म्हणून उरकू नको.

तुझा काका,
बलभीम

पुणे, २२ डिसेंबर २०२४

ती. काकांस सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

अंगठ्याचं वाचून जेवण गोड लागलं नाही. अनवाणी रानात फिरता ना अजून? काकीला विचारते थांबा!

नळीचं म्हणाल तर, स्लॅबला सेंट्रिंग लावतात ना, तसंच ते. केसाहून बारीक धाग्यांची नळी बसवायची, तिच्या आधारानं शरीर स्वतःची नस बांधतं आणि मग नळी विरघळून जाते. मोठ्या नसेला प्लास्टिकची नळी चालते, पण बारीक नसेत रक्त गोठून ती तुंबते, म्हणून हा सगळा खटाटोप. सध्या मेंढ्यांवर बघतोय. तुमच्याबद्दल आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना विचारून कळवते.

काकीला नमस्कार. गोळ्या चुकवू नका, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

तुमची लाडकी,
सृष्टी

पुणे, ९ जानेवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न.

उद्याच सोलापूरला न्या, असं काकीला आत्ता फोनवर सांगितलंय. पण हे मीच तुम्हाला लिहायला हवं. तुमचं पत्र आलं त्याच्या आधीच सहापैकी दोन मेंढ्यांच्या नळ्या तुंबल्या होत्या. सरांना मी विचारलंच नाही. विचारणार काय? माणसाच्या पायात बसवायला अजून कित्येक वर्षं आहेत. दिवाळीत मारलेली फुशारकी मागं घ्यायची लाज वाटली, काका. काळेपणा पावलावर चढलाय असं काकी म्हणाली. मला काय बोलायचं ते बोला, पण निघा.

माझ्यावरची माया कमी करू नका.

सृष्टी

अणदूर, १० फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस अ. उ. आ.

घरी आलोय. नस जोडायला उशीर झाला हुता. गुडघ्याखाली वीतभर ठेवून पाय काढला. खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस तुझ्यावर लई राग हुता. तुझं पत्र फाडायला घेतलं, कडूबाईनं हिसकून घेतलं. आता उरलेल्या चपलेचं काय करायचं म्हणून ती माझं डोकं खाती. म्या म्हणलं, तूच घाल.

तिलाबी ठाऊक न्हाय असं एक तुला सांगतो. हात चिरून नस काढणार म्हटल्यावर म्या भ्यालो हुतो. आधी देवाचं निमित्त केलं, मग तुझ्या नळीचं. तू लगेच खरं लिहिलं असतंस तर तिसरं निमित्त काढलं असतं. तवा रडत बसू नको, जेवत जा.

पण इथून पुढं नळी तुंबली की ज्याला सांगायचं त्याला त्याच दिवशी सांगत जा. माझा पाय माझ्या भित्रेपणानं गेला. तुझ्या भित्रेपणानं दुसऱ्या कुणाचा जाऊ देऊ नको, पोरी.

माया हुती तेवढीच हाय.

तुझा काका,
बलभीम