नुसता नमस्कार

तुर्कू, फिनलंड, १२ नोव्हेंबर

आई, देवाची शांती!

आम्ही बरे आहोत. मुलांचा खोकला गेला. तू विणलेले मोजे धाकटीला अगदी नेमके बसले. बाबांचा गुडघा कसा आहे?

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. चौथ्या बाळंतपणात माझं काय झालं ते तुला ठाऊक आहेच. पाचव्यांदा दिवस गेले तर वाचणार नाहीस, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी गोळ्या सुरू केल्या. प्रार्थनाघरातल्या हिल्काबाईंना मीच सांगितलं. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा सहा आठवडे आमचा स्वयंपाक त्यांनीच केला. त्यांच्यापासून काय लपवायचं?

"किती मुलं द्यायची ते देव बघतो गं," त्या म्हणाल्या. "तू कोण थांबवणारी?"

रविवारी त्या दारात उभ्या राहून एकेकाचा हात हातात घेत होत्या. "देवाची शांती, देवाची शांती." माझा हात घेतला, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार."

आपल्या पंथातल्यांना 'देवाची शांती' आणि परक्यांना नुसता नमस्कार म्हणतो तसं, आई. त्यांच्यामागच्या सगळ्यांनीही तेच म्हटलं. तरी निघताना त्यांनी माशाच्या सुपाचा डबा हातात ठेवलाच. सूप नेहमीसारखंच छान झालं होतं.

यौनी म्हणतो, "वेडे, नमस्कार म्हणजे काय शिवी आहे?" तो लग्नानंतर आपल्या पंथात आलेला, त्याला काय कळणार!

नाताळात आम्ही तुमच्याकडे यायचं म्हणतोय. त्याआधी उत्तर पाठव. रागाव, समजाव, हवं ते लिही. मी आधी फक्त पहिली ओळ वाचणार आहे.

तुझीच,
मार्केटा