विहिरीत टाकलेली किल्ली

३ जून १८८४, मंगळवार

डाकगाडीच्या या ठाण्यावर विहीर खणायला माणूस आला एकदाचा! तीन वर्षं ओढ्यावरून पाणी वाहून माझे खांदे बैलासारखे झालेत. नाव ओरिन गॅस्केल. उंच, पोक आलेला, मिशा पिकलेल्या. खातो चौघांचं, बोलतो अर्ध्याचं.

५ जून

बारा फूट. नुसता मुरूम.

८ जून, रविवार

डाकगाडी आली. जबेझ गाडीवान जेवायला आत शिरला, ओरिनला बघितलं आणि हसतच सुटला. "अहो बाई, कुणाला वाढताय! हा कोल्डवॉटर गावचा मार्शल होता, तिथला फौजदार. कैद्याला फाशी द्यायला जमाव आला, तर यानं तुरुंगाची किल्ली काढून हातात दिली! कैदी निर्दोष होता, ते मेल्यावर कळलं."

ओरिन उठला. ताटली धुतली, विहिरीत उतरला.

मीही काही कमी नाही. संध्याकाळी त्याच्यापुढे ताट आदळलं. "कोठाराची किल्ली देऊ का? कुणाला द्यायची असेल तर!" जेवायला बसलेले सगळे खो खो हसले.

१२ जून

छत्तीस फुटांवर पाणी!! गढूळ — पण पाणी! मी अंगणात नाचले. कुणी पाहिलं नाही. ओरिननं पाहिलं.

१४ जून, शनिवार

शेरीफचा माणूस युलालिओला माझ्या कोठारात कोंडून न्यायाधीशाला आणायला गेला. किल्ली माझ्याकडे. युलालिओ म्हणजे आमच्याकडे घोडे माणसाळवणारा, कोंडल्यावरही गाणी म्हणणारा. आळ काय, तर शेजारच्या रँचवरच्या, घोडे-गुरं पाळणाऱ्या रुफस टेटचा तांबडा घोडा चोरला. दारातून मला म्हणतो, "बाई, तो घोडा मी चोरीन? चावतो हो तो!"

१५ जून

रात्र फार झालीय. तरी लिहिते.

भर दुपारी रुफस अकरा जणांना घेऊन आला. दोर होताच. "बाई, किल्ली द्या आणि स्वयंपाकघरात जा." ओरिन विहिरीतून वर आला, नखशिखांत चिखल. माझ्याकडून किल्ली घेतली आणि सरळ विहिरीत टाकली. डुबुक!

"उतरा आता," म्हणाला. "पाणी गार आहे."

मग फावडं मांडीवर घेऊन कोठाराच्या दारात बसला. बंदूक नाही, काही नाही.

रुफसनं बंदुकीचा दस्ता खांद्यावर हाणला. ओरिन कलंडला, परत सरळ बसला. "मागच्या वेळी मी किल्ली दिली होती," तो म्हणाला. "आलेल्या सतरा जणांची नावं पाठ आहेत मला. रोज आठवतात. तुमचीही पाठ करून ठेवतो. सांगा. तू कोण रे, लाल रुमालवाला?"

लाल रुमालवाल्यानं मान खाली घातली.

"आणि तू?"

तेवढ्यात जबेझ त्याच्या डाकगाडीवरून उतरला. हो, तोच! पुटपुटत आला आणि ओरिनच्या शेजारी बसकण मारली. "माझं नाव लिहा आधी. जबेझ प्लंकेट. स्पेलिंग नीट लिहा."

कुणीतरी हसलं. मग एकानं घोडा वळवला, मग तिघांनी. शेवटी रुफस एकटाच, हातात दोर. तोही गेला.

१६ जून

ओरिनचा खांदा वांग्यासारखा झालाय. मलम लावलं. "फार दाबताय," म्हणाला. त्याच्याकडून हे भाषणच!

१९ जून

घोडा सापडला! नदीकाठी रानटी घोड्यांच्या कळपात मजेत चरत होता. पकडायला गेलेल्याला चावला. न्यायाधीशानं कोठाराचं कुलूप फोडून युलालिओला सोडलं. रुफस टोपी हातात धरून उभा होता. जबेझ येईल-जाईल त्याला गोष्ट सांगतोय. आता जमावात चाळीस जण झालेत. मलाही त्यानं शूर करून टाकलंय — "बाईंनी किल्ली छातीशी धरली होती!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाव बघायला आत गेले.

२१ जून

पंधरा तारखेचं खोटं लिहिलंय. ओरिननं किल्ली माझ्याकडून घेतली, हे खरं. पण तेव्हा मी ती रुफसपुढे धरली होती. हात लांब करून. ओरिननं मधल्यामधे उचलली, आणि आजवर कुणाला एक शब्द बोलला नाही.

सकाळी युलालिओला सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. मग कॉफी न पिताच उठून गेला.