खाडीचं पाणी आणि तीन बोल्ट

२७ जुलै २००८, रविवार

हौसा जीपमध्ये बेशुद्ध पडली!

गुडघ्यांसाठी तिला अकलोलीच्या गरम कुंडावर नेलं होतं, नेहमीसारखंच. परतताना पाऊस, म्हणून मागचे कापडी पडदे घट्ट बांधलेले. मी आपला शाळेतली कविता म्हणत गाडी हाकतोय, मागून ती ‘हूं, हूं’ करतेय. लग्नापासूनची, चाळीस वर्षांची सवय. मग हूं येईना. वाटलं, डुलकी. काल्हेरला दारात उतरून पाहतो तर मान कलंडलेली, ओठ निळसर.

ओटीवर आणून तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून म्हणते, “मना काय झाला न्हाय. जरा डोला लागला.”

मुलगा भावेश गोदामातून धावत आला. बुधवारी ठाण्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, छाती तपासायला. छाती!

२८ जुलै

आज बॉनेट उघडलं. इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा तो बिडाचा मॅनिफोल्ड— त्याचे दोन बोल्ट गंजून तुटलेत. फटीभोवती काळी काजळी. म्हणजे धूर आत येत होता! माझ्या बाजूचा पडदा आरशासाठी उघडा होता. तिच्या बाजूला सगळं बंद.

आणि गंज कुणी चढवला? मी.

नारळी पौर्णिमेला बाबा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, तांब्याभर खाडीचं पाणी ओतायचे. मी शेजारी उभा राहून गुरुजींनी शिकवलेली कविता खणखणीत म्हणायचो. होडी गेली, शेतात गोदामं उठली, जीप आली. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला तोच तांब्या मी बॉनेट उघडून इंजिनावर ओततो. पंधरा वर्षं! होडी लाकडाची होती. हे लोखंड. एवढं कळू नये मला?

भावेश यायच्या आत बॉनेट लावून टाकलं.

२९ जुलै

भावेश कामाला गेल्यावर पाना घेऊन बसलो. रॉकेल सोडलं, जोर लावला— कट्! तिसराही गेला. मुंडकं पान्यात, दांडा आत.

हौसा दारातून, “अवो, त्या लोखंडाशी काय झोंबताव? जेवाला या.”

ती भात वाढत होती नि मी तिचे ओठ बघत होतो.

३० जुलै

ठाण्याला निघायच्या आधी सांगून टाकलं. पाणी, गंज, धूर, सगळं.

भावेश ओरडला, “बाबा, आयला मारून टाकली असतीत तुमी!”

हौसा मात्र हसायलाच लागली. “बघ! मना रोग न्हाय. गारीच आजारी हाय. कशाला डॉक्टर?”

नंबर रद्द केला. मीच म्हणालो, करू या. पोराच्या शिव्या खाल्ल्या, पण जीव भांड्यात पडला. धूर थांबवता येतो. छातीचं काही असतं तर काय केलं असतं मी?

३ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या यंत्रमागावरचा फिटर रामनाथ वेल्डिंग मशीन घेऊन अंगणात आला. बॉनेटमध्ये डोकावला नि खो खो हसला. “चाचा, आपने तो इंजन का अचार डाल दिया!”

मग गंभीर झाला. बोल्ट आतच मोडला तर इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल म्हणाला. तुटक्या दांड्यावर नट ठेवून वेल्ड केला. लाल झालेलं निवत आलं तसं मेण लावलं. “अब आप घुमाओ. जोर नहीं. थोडा आगे, थोडा पीछे.”

मनात भुजंगप्रयात धरला— लगागा लगागा. बोटं वृत्तावर फिरत होती. एक निघाला. दुसरा निघाला. तिसरा, मी मोडलेला, करकरला... थांबलो. पुन्हा मेण. लगागा— आला बाहेर!

“चाचा, ये कौन सा मंतर है?”

“शाळेतलं,” म्हटलं.

१० ऑगस्ट

नवे बोल्ट, नवं पॅकिंग. हौसाला घेऊन अकलोलीला जाऊन आलो. मुद्दाम चार कविता म्हटल्या. प्रत्येक कडव्याला हूं! कुंडाच्या पायऱ्या चढताना तेवढी तीनदा बसली. म्हणाली, गुडघे.

१६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. वही पिशवीत कशी आली कोण जाणे.

यंदा तांब्या कोरडाच ठेवला होता. जीप रविवारपासून बंद, अंगणात झाकलेली. स्वयंपाकघराची दोन्ही दारं उघडी. हौसा नारळ खवत बसलेली, मी उंबऱ्यावर कविता म्हणत होतो.

हूं आलं नाही.