दहा मोजेपर्यंत

प्रिय खारूताई,

आई बरी आहे. हे आधीच लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचायचीच नाहीस. ऑक्सिजनच्या मशीनच्या घरघरीला वैतागून ती माझ्यावर खेकसते. ती घरघर थांबली तर काय, हे मात्र आम्ही दोघंही बोलत नाही.

हल्ली वीज दिवसाढवळ्या जाते आणि मशीन मी घरी बनवलेल्या इन्व्हर्टरवर येतं. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा आपण त्याचे तिन्ही चोक, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, तपासले होते. पंधरा मिनिटं भार द्यायचा, सगळं बंद करायचं आणि तांब्याच्या गुंडाळीवर बोट टेकवून दहा मोजायचे. बोट टिकलं की चोक पास. चाळीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात माझी हीच रीत, आणि लहानपणी स्टुलावर उभं राहून मोजायची ती तूच. त्या दिवशी मधल्या चोकवरून तू चारलाच हात काढलास, तापतोय म्हणालीस. मी दहा मोजून दाखवले, शिवाय ऑफिसात बसून बोटं नाजूक झाली म्हणून तुझी टिंगल केली. आईसुद्धा हसली, पार दम लागेपर्यंत.

काल सकाळी वीज येताच मी तोच चोक पुन्हा पाहिला. सावकाश दहा मोजले. गार लागला. मग चहा पिताना बोटावर टपोरा फोड दिसला. दुखत नव्हता. घाबरून दुसऱ्या बोटात सुई टोचली, तर तीही कळेना. साखरेनं बोटं बधिर होतील, असं डॉक्टर इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होते, मी कानाडोळा केला. चोक बदललाय, मीटरवर ठीक दाखवतोय. तरी दिवा मिणमिणला की माझी गाळण उडते. आईला मात्र पातेल्याचा चटका बसला अशी थाप मारली.

फोन केला नाही, कारण ती समोरच बसलेली असते. शेजारचे शिंपीकाका तुमच्याकडे निघालेत, त्यांच्या हाती हे देतोय. खरं सांगतो, भीती इन्व्हर्टरची नाही गं. चार दिवस आई म्हणतेय, अंगात कणकण आहे. रोज सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावतो आणि सांगतो, छे, गार आहेस. आज थर्मामीटर आणलाय, पण तो डबीतून काढायचा धीर होत नाही. वर आई बरी आहे असं लिहिलंय ना, ते याच हाताच्या भरवशावर. तू आजच ये आणि तिच्या कपाळावर तुझा हात ठेव.

तुझाच,
बाबा